कार्डाच्या मागची बाजू

तुमच्या घरातल्या माळ्यावर एक डबा आहे. बिस्किटांचा पत्र्याचा, किंवा बुटांचा पुठ्ठ्याचा. त्यात काय आहे हे घरात फक्त एकाच माणसाला माहीत असतं आणि तो माणूस आता कामात इतका बुडालेला असतो की त्यालाही ते आठवत नाही. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते, सामान बांधायला घेतात, तेव्हा तो डबा खाली उतरतो. मग दोनच गोष्टी होतात. एक तर तो भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर कुणीतरी उघडून बघतं.

आमच्याकडे तो मी उघडला. घाटकोपरला पंतनगरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मामाचं घर रिकामं करायचं होतं. आजी म्हणाली, "तो कचरा आहे, खाली टाक." झाकण गंजलं होतं, चमच्याने उघडावं लागलं. आत काड्यापेटीचे छाप होते, फुटलेली एक गोटी होती आणि रबर लावलेला पत्त्यांएवढा एक गठ्ठा होता. रबर हात लावताच तुटलं. गठ्ठ्यात सगळे क्रिकेटर.

तुमच्यापैकी काहींनी आयपीएलची 'क्रिकेट अटॅक्स' कार्डं जमवली असतील. चकचकीत, सोनेरी कडा वगैरे. मामाची कार्डं तशी नव्हती. 'बिग फन' नावाचं एक बबलगम मिळायचं, त्याच्या वेष्टनात ही चित्रं असायची. चित्रावर खेळाडूचा फोटो आणि कुठे धावा, कुठे विकेट छापलेल्या. ठरलेल्या धावा जमल्या की दुकानदाराकडून बक्षीस. त्यामुळे बबलगम चघळून जबडा दुखला तरी पोरं थांबायची नाहीत. तुमच्या बाबांना नुसतं 'बिग फन' म्हणून बघा. पुढची वीस मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आधी अमेरिकेची एक चक्कर

हे वेड आपल्याकडे सुरू झालं नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगरेटची पाकिटं मऊ असायची. आतल्या सिगरेटी मोडू नयेत म्हणून एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कुणाच्या तरी डोक्यात आलं, पुठ्ठा आहेच तर त्यावर बेसबॉलपटूचं चित्र छापू. गिऱ्हाईक सगळा सेट जमवण्यासाठी तोच ब्रँड घेईल. इंग्लंडमध्ये हाच प्रकार क्रिकेटपटूंच्या बाबतीत झाला. त्या काळच्या सिगरेट कार्डांवर आपले रणजितसिंहजीही दिसतात.

या कार्डांमधलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या सेटमधलं. वॅग्नरने आपलं चित्र छापायला नकार दिला आणि कंपनीने छपाई थांबवली. नकार का दिला, यावर आजही वाद घालतात. काही म्हणतात, आपल्या चित्रासाठी लहान मुलांनी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पटलं नाही. काही म्हणतात, त्याला पैसे हवे होते. तो स्वतः तंबाखू खायचा, त्यामुळे वाद मिटत नाही. पण छपाई थांबेपर्यंत जी थोडी कार्डं बाहेर गेली, त्यातली आज जेमतेम ५०-६० उरली आहेत. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकलं गेलं.

त्याच महिन्यात मिकी मँटलचं १९५२ चं 'टॉप्स' कंपनीचं कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. गंमत ऐका. त्या सेटची न खपलेली खोकी कंपनीच्या गोदामात जागा अडवून बसली होती. फुकटातसुद्धा कुणी घेईना. शेवटी १९६० मध्ये ती एका बोटीवर लादून न्यूयॉर्कजवळ समुद्रात बुडवली. "तो कचरा आहे, खाली टाक" म्हणणारी आजी फक्त घाटकोपरलाच असते असं नाही.

तुमच्या मनात आलेला प्रश्न माझ्याही मनात आला होता. मामाच्या गठ्ठ्याचे किती येतील? मी मामाला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "पैशाचं सोड, हा कोण ते सांग."

त्याच्या हातात एक वेगळंच कार्ड होतं. ते छापलेलं नव्हतं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर पेपरमधला फोटो चिकटवलेला आणि मागे निळ्या पेनाने आकडे लिहिलेले. नाव: पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणी विकेट: ५८९. कसोटी सामने: ०.

शून्याचं कार्ड

मामाचा मुद्दा साधा होता. बबलगममधून फक्त इंडियाकडून खेळणारे निघायचे. मग बाकीच्यांचं काय? म्हणून जे निघत नव्हते त्यांची कार्डं तो स्वतः करायचा.

शिवलकर, म्हणजे मुंबईच्या मैदानांवरचे 'पॅडी'. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९७२-७३ ची रणजी फायनल चेन्नईच्या चेपॉकवर होती, समोर तामिळनाडू. पहिल्या डावात शिवलकरांनी १६ धावांत ८ विकेट काढल्या, दुसऱ्यात १८ धावांत ५. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत आटोपला. एवढं करूनही भारताची टोपी मिळाली नाही, कारण त्याच काळात, तीच गोलंदाजी टाकणारे बिशनसिंग बेदी संघात होते. बेदी ६७ कसोटी खेळले. शिवलकर एकही नाही. दोघांच्या गुणवत्तेत फरक किती, यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आजही भांडणं होतील, पण जागा एकच होती.

ते थांबले नाहीत, हे मला जास्त मोठं वाटतं. वयाच्या ४७ व्या वर्षी, १९८७-८८ मध्ये ते पुन्हा मुंबईसाठी रणजी खेळले. बीसीसीआयने २०१७ मध्ये त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये ते गेले. तुम्हाला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडला 'वी विल गेट बॅक टू यू' ऐकावं लागलंय ना? या माणसाने ते जवळपास पंचवीस वर्षं ऐकलं आणि दर वेळी पुन्हा रनअपच्या खुणेवर जाऊन उभा राहिला.

डावातला कच्चा लिंबू

पुढचं हातानं केलेलं कार्ड एकनाथ सोलकरांचं. आकडे असे: कसोटी २७, धावा १०६८, विकेट १८, झेल ५३.

तुम्ही ट्रम्प कार्ड खेळला असाल तर तुम्हाला लगेच कळेल, हे पडकं कार्ड आहे. धावा म्हणा, विकेट म्हणा, कुणीही मारून नेईल. झेल म्हटले तरी गावस्करांच्या १०८ पुढे ५३ हरतात. पण भागाकार करा. गावस्करांचे १०८ झेल १२५ कसोटींतले आहेत. सोलकरांचे ५३ फक्त २७ कसोटींतले, म्हणजे एका सामन्यात जवळजवळ दोन. यष्टिरक्षक सोडला तर कसोटीत हे प्रमाण थक्क करणारं आहे. आणि हे झेल स्लिपमध्ये मागे उभं राहून घेतलेले नाहीत. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या श्वासाच्या अंतरावर, हेल्मेट नाही, शिनगार्ड नाही.

सोलकरांचे वडील मरीन लाइन्सच्या हिंदू जिमखान्यावर ग्राउंड्समन होते. मैदानाच्या कडेलाच त्यांची झोपडी. एकनाथ लहानपणी तिथल्या मॅचना स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलायचे. दुसऱ्यांचे रन टांगणारा पोरगा १९७१ मध्ये ओव्हलवर, भारताने इंग्लंडला त्यांच्याच देशात पहिल्यांदा हरवलं त्या सामन्यात, वेंकटराघवनच्या चेंडूवर अॅलन नॉटचा झेल घेताना पूर्ण आडवा झाला. तो फोटो शोधून बघा. जमीन आणि हात यांच्यात चेंडूपुरतीच जागा आहे. सोलकर २००५ मध्ये वारले, अवघ्या ५७ व्या वर्षी.

ट्रम्प कार्डावर 'किती जवळ उभा राहायचा' असा रकाना नसतो, हीच खरी अडचण आहे.

रूममेटची शिक्षा

तिसरं कार्ड सुभाष गुप्ते. लेगस्पिनर, ३६ कसोटी, १४९ विकेट. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावातल्या दहापैकी नऊ विकेट त्यांनी एकट्याने काढल्या, १०२ धावांत. गॅरी सोबर्स त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर मानायचे.

मग ३६ वरच का थांबले? १९६१ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी संघ हॉटेलात उतरला होता. गुप्तेंच्या खोलीतल्या सहकाऱ्याने, कृपालसिंगने, रिसेप्शनिस्टला फोन करून भेटायला बोलावलं. तिने तक्रार केली. बोर्डाने दोघांवरही कारवाई केली. गुप्तेंचा दोष एवढाच धरला की त्यांनी रूममेटला अडवलं नाही. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली. ते पत्नीच्या देशात, त्रिनिदादला, कायमचे निघून गेले आणि २००२ मध्ये तिथेच वारले.

त्या मुलीने तक्रार केली, ती बरोबरच केली. पण शिक्षा कुणाला किती, याचा हिशेब चुकला की मुंबईचा एक माणूस आपलं मैदान सोडून सातासमुद्रापार जातो. कार्डावर मात्र फक्त '३६' दिसतं.

कांजूरमार्गचा डावखुरा

आता छापलेलं कार्ड. ट्रम्प कार्डांतलं, कोपरे दुमडलेले, विनोद कांबळी. तुम्ही घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात राहत असाल तर हा तुमचा माणूस आहे. कांजूरमार्गच्या चाळीत वाढला, क्रिकेटची किट घेऊन सेंट्रलच्या गर्दीतून दादरला जायचा. सकाळी आठच्या लोकलमध्ये साधी सॅक घेऊन चढताना तुमची काय अवस्था होते? आता खांद्यावर किट आहे असं धरा.

आजच्या अंतिम आकड्यांवर एक डाव खेळू. माझ्याकडे सचिन, तुमच्याकडे कांबळी. मी 'सामने' म्हटलं तर तुम्ही गेलात, २०० विरुद्ध १७. 'धावा' म्हटलं तर विचारूच नका. पण तुमची पाळी आली आणि तुम्ही 'कसोटी सरासरी' म्हणालात तर? सचिन ५३.७८. कांबळी ५४.२०. सचिनचं कार्ड तुमचं.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सेमीफायनलमध्ये या दोघांनी ६६४ धावांची भागीदारी केली. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. कांबळी १९९३ मध्ये कसोटीत आला आणि पहिल्या सात कसोटींत चार शतकं ठोकली. त्यातलं वानखेडेवरचं २२४ आणि दिल्लीतलं २२७ लागोपाठच्या कसोटींत. चौदा डावांत हजार धावा. आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये शेवटची कसोटी, तेव्हा वय २३. म्हणजे तुमच्यापैकी कुणी एम.ए. करत असेल, त्याच्याएवढा.

का संपलं, याची कारणं तुम्हाला दहा जण दहा सांगतील. आखूड टप्प्याचे चेंडू, दुखापती, स्वभाव, निवड समिती. मी त्यात अकरावं घालत नाही. मामा फक्त एवढंच म्हणाला, "कांजूरच्या पोराने डबल सेंच्युरी मारली त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा वाटलं, आपल्या स्टेशनवरूनसुद्धा ट्रेन पुढे जाते."

पॅड बांधून बसलेला मुलगा

त्या ६६४ च्या भागीदारीत तिसरा एक मुलगा होता. पुढचा नंबर त्याचा. पॅड बांधून तो बसला, बसला, बसूनच राहिला. बॅटिंग आलीच नाही. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

त्याने रणजी पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या. तेव्हा तो प्रथम श्रेणी पदार्पणातला विश्वविक्रम होता. पुढे ११ हजारांहून जास्त प्रथम श्रेणी धावा, ३० शतकं. पण त्याच्या वेळी भारताच्या मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण आणि अर्थात तोच जुना मित्र. कसोटी शून्य. वनडे शून्य. मामाच्या गठ्ठ्यात त्याचं कार्ड नाही, कारण तोपर्यंत मामा मोठा झाला होता.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र तुम्हाला आठवत असेलच. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला. त्या संघाचा कोच कोण होता? पॅड बांधून बसलेला तोच मुलगा, आता पन्नाशीच्या टोकाला.

त्याच मैदानावर तीन दिवस आधी सेमीफायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७ करणारी जेमिमा रॉड्रिग्ज. हिचं बालपण भांडुपचं. पुढे खेळाच्या सोयींसाठी कुटुंब वांद्र्याला गेलं. लहानपणी हॉकीही खेळली, महाराष्ट्राच्या ज्युनियर संघातून. त्याच वर्ल्ड कपमध्ये तिला एका सामन्यातून वगळलं होतं. सेमीफायनल जिंकल्यावर ती रडत रडत सांगत होती की या दिवसांत मानसिक अस्वस्थतेने तिला किती घेरलं होतं. '१२७ नाबाद' या आकड्यात हे कुठे लिहिणार?

मामाचा सगळा गठ्ठा मी चाळला. एकही बाई नाही. डायना एडलजी १९७६ पासून भारतासाठी खेळत होत्या, कर्णधार होत्या, वेस्टर्न रेल्वेत नोकरीला होत्या, २० कसोटींत ६३ विकेट. त्यांचं चित्र कुठल्या बबलगममधून निघाल्याचं मामाला आठवत नाही. आणि त्याने हातानेही केलं नव्हतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो जरा गप्प झाला. "सुचलंच नाही गं," म्हणाला.

शेवटचं कार्ड

गठ्ठ्याच्या तळाशी एक कार्ड उलटं होतं. तेही हातानं केलेलं, पण अक्षर मामाचं नव्हतं. फोटो पासपोर्ट साइज, स्टुडिओतला, केस पाण्याने चापून बसवलेले. मागे लिहिलं होतं: स्लो लेफ्ट आर्म. कांगा लीग. विकेट ३१.

कांगा लीग म्हणजे मुंबईची पावसाळी स्पर्धा, १९४८ पासून चालत आलेली. मैदानात चिखल, खेळपट्टी ओली, चेंडू कधी उसळेल, कधी रुतेल याचा भरवसा नाही. त्यात ३१ विकेट माझ्या मामाच्या. त्याच्या टीममधल्या पोरांनी, तो खेळायचा थांबला तेव्हा, हे कार्ड करून त्याला दिलं होतं. आजोबांची नोकरी गेली, मामाला कंपनीत रात्रपाळी लागली आणि रविवारची झोप हवी झाली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मी आज २० ची आहे. माझा मामा बॉलिंग टाकायचा, हे मला त्या दिवशी कळलं.

आजी तिथेच बसून भांडी कागदात गुंडाळत होती. तिने हात पुढे केला, कार्ड घेतलं, चष्मा वर करून बघितलं आणि काही न बोलता ब्लाउजमध्ये, पैशांच्या पाकिटात ठेवलं. डबा टेम्पोतून नाही, माझ्या मांडीवर नव्या घरी गेला.

तर या रविवारी एक काम करा. माळ्यावर चढा. डबा सापडला तर उघडा आणि ज्याचा आहे त्याला शेजारी बसवा. प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारा: "हा कोण?" उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि डबा नसेल, तर एक लग्नपत्रिका कापा, घरातल्या कुणाचा तरी जुना फोटो चिकटवा आणि त्यालाच विचारा, मागे काय लिहू?

डबा सापडलाच तर...

* लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. जुनी कार्डं त्याने कायमची खराब होतात.
* रबर काढून टाका. उन्हाळ्यात ते वितळून कडांना चिकटतं.
* मुंबईच्या दमटपणाला उपाय: प्रत्येक कार्ड स्वतंत्र प्लास्टिकच्या पाकिटात, आणि डब्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी.
* डाग पुसायला ओलं फडकं वापरू नका. शाई उतरते.
* मागे पेनाने काही लिहिलेलं असेल तर खोडू नका. बहुतेक वेळा तेच सगळ्यात मोलाचं असतं.